उंदराचं साल

मलेशियातल्या इपोहमध्ये, एका चिनी पावाच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक आजी आणि तिची नात होती. वाढदिवसाचे पीचच्या आकाराचे पाव सांगायला आल्या होत्या. ऐकायचं नव्हतं, पण ऐकलं.

“ऐंशी सांगू ना, आमा? जितकी वर्षं तितके पाव.”

“सांग. खरी मी अठ्ठ्याहत्तरचीच आहे.”

“काय? हॉल ठरलाय, दीडशे माणसं येणार आहेत.”

“हळू बोल. तुझे आजोबा घोड्याच्या सालातले, मी उंदराच्या; पत्रिकेत घोडा-उंदराचं हाडवैर. असली जोडी सासूबाईंनी दारातही उभी केली नसती. म्हणून दोन वर्षं वाढवून कुत्र्याचं साल सांगितलं.”

“आजोबांना माहीत होतं?”

“कल्पना त्यांचीच.”

“आणि पटलं तुमचं?”

“रोज भांडायचो. सासूबाई म्हणायच्या, कुत्र्याच्या सालातली आहे, भुंकणारच.”

“अगं, मग खरी ऐंशी दोन वर्षांनी होणार.”

“हो ना. तेव्हा मला कोण विचारतंय?”

दुकानदारानं वही उघडली. “किती पाव?”

“ऐंशी,” नात म्हणाली. “आणि दोन वर्षांनी याच तारखेला आणखी ऐंशी. आत्ताच लिहून ठेवा.”

“ते कुणाचे?”

“माझ्या धाकट्या बहिणीचे,” आजी म्हणाली.