उजव्या हाताची नखं

— पेटी बंद नका करू, सुखदेवभाऊ. बसा खाली, जरासे बसा. हो, तिकडं सगळे पिंडाकडं पाहून राहिले, मी पाणी प्यायच्या निमित्तानं सरकलो. नखं घ्यायची नराणी काढा पुन्हा. मघा तुम्ही माहं डोकं केलं, मिशी केली, डाव्या हाताची नखं घेतली — अन् उजवा हात मी धोतरात दडवला. तुम्हाले वाटलं झाला. नव्हता झाला. हा पाहा. असे दचकू नका, मीच भेलो आहे. बायकांसारखी नखं घेऊन बापाच्या दहाव्याले बसलो, याच हातानं पिंड वळले — हा पाहा भात, आतमधी अडकून आहे अजून.

शौक नाही हो हा. गिटार. दुकानाच्या वरच्या खोलीतून काय टुणटुण येते म्हणून तुम्हीच विचारलं होतं ना एकदा, तेच. तिगाव स्टेशनावर जोसेफबाबू आहेत, केरळचे, त्यांनी एक कॅसेट ऐकवली. मी म्हटलं, दोघं वाजवून राहिले. ते म्हणते, नाही, एकच आहे, तार छेडायची पत्ती नाही घेतली हातात, नुसती बोटं. अंगठ्यानं जाड तारांवर ठेका धरायचा अन् त्याच वेळी बाकीच्या बोटांनी बारीक तारांवर गाणं म्हणायचं — एकाच हातात दोन माणसं नांदवायची अन् भांडू नाही द्यायची. पहिले तं अंगठा चालला की बोटं थांबत, बोटं चालली की अंगठा बावचळे. अन् नखं पाहिजेत, नखाबिगर आवाज मुका. मधल्या बोटाचं नख संत्र्याच्या पेटीच्या खिळ्यात तुटलं होतं तं जेवण नाही गेलं मले त्या दिवशी. आता कुठं दोघं सोबत चालाले लागली होती —

बापूजी? नाही, काही बोलले नाही कधी. तेच तं! शिवी दिली असती, गिटार जाम नदीत फेकली असती तं मामला साफ होता. ते फक्त खाली दुकानाच्या फळ्या जोरानं लावत. आता त्या रागानं लावत का फुगल्या होत्या म्हणून लावत, कोण सांगन? अन् मग दवाखान्यात — हे घरी नाही सांगितलं कोणाले, तुम्हालेही सांगाचं नव्हतं — शेवटच्या सकाळी त्यांनी माहा हात धरला. वाचा गेली होती. आपल्या अंगठ्यानं माह्या एकेका नखावरून फिरले, हळूहळू, माह्याकडं पाहून. ओठ हलले. अन् संपलं. काय म्हणत होते? काप म्हणत होते? का — का वाजव म्हणत होते? नाही, वाजव कायले म्हणतील! पण म्हणत असतील तं?

कावळे आहेत ना, नदीपल्याड सावरगावच्या काठावर झाड काळं झालं. कावळेही सावरगावचेच, दरसाल नदीपल्याडून आपल्यावर गोटे मारणाऱ्या गावचे, पांढुर्ण्याच्या माणसाचं सोपं करतील कायले! पण आज कोणी हसून नाही राहिलं. यशवंतकाका म्हणले, दादा, तुह्या पोरीचं, स्मिताचं लग्न मी लावून देतो — नाही शिवला. दुकान बंद पडू देणार नाही — नाही शिवला. संत्र्याचा बगीचा विकणार नाही — एक आला, पिंडाजवळ बसला, अन् उडून गेला. आता सगळे माह्याकडं पाहून राहिले. काका कानात म्हणते, वसंता, दादाचा जीव तुह्यात अडकला, गिटार सोडतो म्हणून बोल मोठ्यानं.

मी बोललो अन् कावळा आला नाही, याचं भेव नाही हो मले. तो येईन, याचं भेव आहे! मी सोडतो म्हटलं अन् तो भुर्रकन येऊन शिवला — तं कळलंच ना मग, जन्मभरासाठी कळलं, बापूजी त्या सकाळी काय म्हणत होते. मग तारेले बोट लावू कसा? अन् नाही बोललो तं बापूजी बिचारे भुकेले बसले तिथं, ऊन पाहा किती तापलं. म्हणून तुमच्याकडं आलो. तोंडानं नाही बोलत, नखं देतो. नखं पुन्हा येतात. त्यांनी नखंच तं चाचपली होती, दडवली त्याचाच राग असन, गिटारीचा नसन — असंही असू शकते ना? सांगा ना भाऊ, तुम्ही इतके दहावे पाहिले.

घ्या. करंगळी पहिले घ्या, तिचं काम नाही वाजवाले. घट्ट धरा तुम्ही. आता बाजूचं... आई गं. नाही, लागलं नाही, घ्या तुम्ही. आता मधलं — थांबा. काका ओरडले काही. शिवला? शिवला म्हणतात! सगळे उठले, पाहा, पिंडावरच बसला —

थांबा, थांबा. कावळा आला त्याच्याआधी काका काय बोलले? माह्या नावानं काही बोलले का? माही पाठ होती तिकडं, अन् कानात तुमची नराणी. तुमचं तोंड तिकडं होतं, तुम्ही ऐकलं. सोडते म्हणले? वसंता गिटार सोडते म्हणले? का दुसरंच काही? असे खाली काऊन पाहता? भाऊ —

नको. नका सांगू. हात सोडा माहा. पेटी उचला अन् जा तुम्ही घरी, लवकर जा — काका इकडं येऊन राहिले, तुम्हालेच साक्षीले धरतील.