सरावाच्या गल्लीतला भाडेकरू

शप्पथ घेऊन सांगतो कॅप्टनसाहेब, या डोळ्यांनी पाहिलंय — म्हणजे मी तिथं नव्हतो, पण पाहिल्यासारखंच. बसा ना. ती खुर्ची नको, तिचा चौथा पाय तुमच्या रंगरुटांनी उडवलाय. काय म्हणता, उठू? का म्हणून? ही सरावाची गल्ली मीच रंगवली — प्लायवूडच्या भिंती, खोट्या खिडक्या, सगळं. रंगारी म्हणून आलो, मग आधीच्या साहेबांनी सरावापुरता घरातला माणूस म्हणून बसवलं — बसवलं म्हणजे मीच बसलो, त्यांनी उठवलं नाही. आता तुम्ही म्हणता, याच्यामुळे पोरं दारात थबकतात, दार फुटलं की आधी बॉम्ब आत गेला पाहिजे — अहो, थबकावीत म्हणूनच तर ठाण मांडलंय! परवा तो लंबू आला, लाथेनं दार पाडलं, सरावाचा बॉम्ब उगारलेला, आणि मी आतून ओरडलो, "गाढवा, पाय पूस, रंग ओला आहे!" हसू नका. आता सगळी तुकडी दारातून हाक मारते — "काका, आत आहात का?" तेवढ्यात शत्रू गोळी घालेल म्हणता? घालेल की. मग भिंतीआडून हाक मारायला शिकवा, त्याचाच तर पगार घेता!

ऐका तर. मागची तुकडी लढाईवर गेली, तिलाही हीच सवय. तिथं एका घरापुढे एकानं हाक मारली, "काका, आत आहात का?" — आणि आतलं शिलाई मशीन थांबलं. सात माणसं बाहेर आली. नऊ. शेळी धरली तर दहा. पुढे एक बाई, गळ्यात मोजपट्टी, म्हणते कशी — "काका नाही, आत्या आहे! आणि हे दार आता तुझा बाप बसवून देणार का?" अस्संच बोलायची ती, कमरेवर हात ठेवून, मला तर लहानपणापासून —

असं काय बघता?

हो. ताई माझी. सख्खी.

खोटं किती, विचारताय? बरं. घर खरं. मशीन खरं. आपलीच पोरं, तीही खरी, याच गल्लीत शिकलेली — तेव्हा या खोलीत कुणी बसत नव्हतं, म्हणून ताईच्या दारात कुणी थबकलं नाही. शेळी माझ्या पदरची. माणसं बाहेर आली, तेही माझ्याच पदरचं. ती हाकही माझीच.

उठत नाही मी. जा, पाठवा पोरांना.