लिफ्टमधली पाटी

ठेवून दाव इश्वास, माज्या एका तरी शब्दावर! चहा आपोआप सांडला, अनुष्काताई — तो फोन आदी पिशवीत घाल, त्यात मी बोलनार न्हाई — आन् बस हितं उंबऱ्यावर. दम लागला व्हय चढताना? ह्या माले गावात आमचं घर टेकाडावर, गाडी खालीच ऱ्हाती. तर काय सांगत हुती — व्हय, तुजं भाषान. डाक्टर व्हनार तू, सुई टोचायची न्हवं, मजुरांवर पुस्तक लिवून! सुट्टीला भुकूमला आलीस, आन् अमेरिकेतली मास्तरं काम्पुटरमदी वळीनं बसलेली. तू त्यास्नी तितल्या मजुरांचं दुक्क सांगतीयास, मोठी मान्सं त्यांची मतं घेऊन कशी इसरत्यात ते — डोळ्यांत पानी आनून! मला आदीच दटावलं हुतंस, ‘रंभाबाई, भांडी वाजवू नका, चहा गुपचूप ठेवा.’ ठेवला की. ट्रे घावंना, हाताला आलं त्यावर ठेवला. ती निघाली तुमच्या लिफ्टमदली पाटी — ‘कामवाल्या बायांनी जिना वापरावा’, खाली तुज्या आयचं नाव, सेक्रेटरी हेमलता. चौथीपातूर शिकले मी, मराठी तेवडं वाचलं. शेजारी इंग्रजीतबी तेच आसंल, म्हनलं. कप कलंडला, पुसाय म्हनून पाटी काम्पुटरम्होरं उबी धरली जरा. जरा म्हंजी — त्या टकल्या मास्तराचे वाचताना हलनारे ओठ थांबंस्तोवर. आता पाटीचे इस्क्रू काय, काडले रोज एक, रुपायाच्या नान्यानं — हात्तिच्या, बोलून गेले बग!

आत कोन कन्हतंय? माजी जाऊ, तुळजाबाई. तुमचीच भांडी घासायची की गं, इसरलीस? गुडघा धरून जिन्यापाशी उबी, तू कुत्र्याला घेऊन लिफ्टमदी. ती म्हनली, ‘ताई, आजच्या दीस येऊ का?’ तू म्हनलीस, ‘सॉरी मावशी, रूल आहे.’ दार लागलं. कुत्रं वर गेलं, आन् ही जिन्यावरनं गडगडत खाली. खुबा मोडला. कामाला का येईना, कुनी इचारलं? तू? आन् आता म्हन्तीस, फोनमदी बोला — पाटी आमची न्हवती, म्हातारीनं चेष्टा केली — म्हंजी तुजी अमेरिका वाचंल! तुळजे, ऐकलंस का गं? ...बग, हसली. पडल्यापास्नं पैल्यांदा हसली.

रडू नगंस. चहा न्हाई इचारला, मुद्दाम न्हाई इचारला. ऊठ — पायऱ्या तितं हायेत, लिफ्ट न्हाई आमच्यात. जा आता.