माझ्या कोंबडीला खोकला झालाय

हॅलो?… हॅलो, कोण?… अगबाई, धाकट्या, तू? …थांब थांब, तुझं नंतर. आधी माझं ऐक. कुणाला सांगितलं तर कुणी विश्वास ठेवायचा नाही, तूही ठेवणार नाहीस, पण आज सकाळी माझी कोंबडी आरवली.

…कोंबडा नाही रे. कोंबडी! दोन वर्षं अंडी घातली तिनं माझ्याकडे, आणि आज पत्र्यावर चढून, मान ताणून अशी बांग दिली की समोरचा बेकरीवाला भट्टी सोडून रस्त्यावर आला.

…थापा नाहीत. …मांजरानं फोन उचलला होता ती थाप होती, कबूल. हे खरं आहे. …कधी पाळली म्हणजे? तू फिरकतोस कुठे बघायला?

…तुरा? वाढलाय ना, लालभडक. …हो, पायाला काटाही फुटतोय. …बघ, लगेच जागा झाला कारागीर! जन्मभर हॅचरीत बसून काल अंड्यातून निघालेली पिल्लं उलटी धरलीस, नर या पेटीत, मादी त्या पेटीत. निवृत्त झालास तरी बोटं शिवशिवतातच.

…असं? होतं असं कधीकधी? आतलंच काहीतरी बदलतं? …बघ! आणि शेजारीण म्हणते, असलं विपरीत घरात नको, हाकलून दे. तूच सांग, तू जाणकार. हाकलू?

…काय म्हणालास? परत म्हण, नीट ऐकू आलं नाही. …‘पक्ष्याचा काय दोष? राहू दे, दाणा टाक.’ …वा. वा रे धाकट्या. हे तुझे शब्द मी पदराला गाठ मारून ठेवते. लागतील.

…तो आवाज? काही नाही, कोंबडी. घरातच असते ती. चमचा पाडला. …हो, चमचा. …बरं, तू फोन कशाला केलास? दोन वर्षं बहीण मेली की जगली विचारलं नाहीस, आज काय एकदम?

…माझ्याकडे? कोण यायचं होतं माझ्याकडे? …नाही बाई. कुणी नाही. …अरे पण कोण? त्या ‘कुणाला’ काही नाव-गाव? …‘ती’? ती कोण? …तुझी मुलगी? मला तर भाचा आहे. भाची म्हणून वाढवलं आपण, चुकलं आपलं. दोन वर्षांपूर्वी तुझ्याच जेवणाच्या टेबलावर त्यानं ते सगळ्यांना सांगितलं, आणि तू ताट सारून उठलास. होते मी तिथं.

…कधी? काल संध्याकाळी? तुझ्या दारात? …मग? …दाढी? दाढी कसली, चार केस उगवलेत हनुवटीवर… उगवले असतील. मला काय ठाऊक, मी कुठे पाहिलंय!

…आणि तू काय म्हणालास? …पुटपुटू नकोस, मोठ्यानं सांग.

…‘कुणाकडे आलात?’

…‘आलात’! पोटच्या पोराला ‘आलात’! मीटर बघायला आला होता का रे तो? …आणि? …‘पत्ता चुकलाय तुमचा’? …आणि दार लावलंस. दगडा! अरे दगडाला तरी पाझर फुटतो!

…ओळखलं नाहीस, हे मला नको सांगूस. अंड्यातून निघालेलं ओलं पिल्लू एका नजरेत ओळखणारा तू, आणि जे तुझ्या खांद्यावर लाळ गाळत मोठं झालं ते दारात ओळखू येईना? …मग कबूल कर ना, ओळखलंस. ओळखलंस आणि लावलंस दार.

…वहिनी काय म्हणते? …कालपासून तुझ्याशी बोलत नाही? उत्तम. …वाढते, पण ताट आपटते? त्याहून उत्तम. माझा नमस्कार सांग तिला.

…ओरडू नकोस. मलाही ओरडता येतं, आणि माझा आवाज तुझ्यापेक्षा मोठा आहे, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

…हो, हो, माहितीये, डॉक्टरीणबाई ‘मुलगी’ म्हणाल्या. बाहेर बाकावर मीच बसले होते, आधी मला सांगितलं त्यांनी. काय पाहिलं त्यांनी? अंग पाहिलं. दुसरं काय पाहणार? मुठीएवढं बाळ, त्याला काय विचारणार, ‘काय रे, तू कोण?’ …अंग खोटं आहे असं कोण म्हणतंय? अंग अंगाच्या जागी. पण आपण कोण, हे ज्याचं त्याला आतून कळतं. तुला नाही कळत? का रोज सकाळी उठून आधी लुंगी उचलून बघतोस, मग ठरवतोस, हां, आजही मी पुरुषच? …हसू नकोस! मी चिडलेय.

…आलास? आलास लग्नावर? वाटलंच होतं मला. अरे, ते तिसरंच! जीव मुलीवर जडेल, मुलावर जडेल, नाहीतर कुणावरच नाही जडणार. त्याचा याच्याशी काय संबंध? …नाही, मी विचारलेलं नाही. का विचारू? तू लग्नाआधी त्या पगाराच्या खिडकीतल्या बाईंसाठी रोज इस्त्रीचा शर्ट घालून जायचास, कोंबड्यांच्या विष्ठेत काम करायला इस्त्रीचा शर्ट! तेव्हा मी विचारलं होतं का काही? …वहिनी ऐकतेय? मग ऐकू दे.

…आपल्या घराण्यात असलं कधी नव्हतं? मोठ्या मावशीला विसरलास? ती आणि तिची मैत्रीण, शिवणकाम करायच्या त्या. म्हातारपणापर्यंत एका घरात, एका पलंगावर. ‘जागा कमी आहे,’ म्हणायची मावशी. तीन खोल्या होत्या! आपण सगळ्यांनी माना डोलावल्या, हो हो, जागा कमीच आहे. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहिलं होय?

…लोक गेले चुलीत. लोक काल दारात आले नव्हते. तो आला होता.

नाही, आता तू मध्ये बोलायचं नाहीस. ऐक. तू निवडलेल्या माद्या वाढून मी कामाला होते त्याच शेडमध्ये यायच्या ना? अंडी गोळा करायला मीच असायचे ना? आणि दर खेपेला त्यातली एखादी आरवायची. …आरवायची! …बरं, कधीमधी. मग साहेब तिला काखोटीला मारून तुझ्यापुढे उभे. ‘ही तुझी मादी का?’ तेव्हा तू छाती काढून काय म्हणायचास? …विसरलास? मी नाही विसरले. ‘साहेब, कालच्या पिल्लात जेवढं दिसलं तेवढं मी सांगितलं. पुढचं पिल्लूच सांगेल.’

…म्हणायचास की नाही? …आणि साहेब कोंबडी घेऊन परत जायचे, कारण खरंच होतं ते. मग आता तुझ्या पिल्लानं तोंड उघडून सांगितलं तर तू काय केलंस? पक्ष्याचा दोष नाही, त्याला दाणा, आणि पोटच्या पोराला बंद दार?

…हॅलो? …हॅलो? …आहेस का गेलास?

…काय राहिलं? पिशवी? …पायरीवर? …उघडलीस? काय आहे तिच्यात? …पंप? दम्याचा? ए, तुझा पंप तिथं—

…तुला नाही म्हटलं. कोंबडीला म्हटलं, पंख सावर म्हणून. …असेल रे दुसरा. असेल खिशात. पॅंटच्या उजव्या… मला कसं ठाऊक? अंदाज! दम्याचा माणूस एक हरवला तर असू दे म्हणून दुसरा ठेवतोच.

…कुठे गेला होतास? …बस स्टँडवर? तू? पंप घेऊन? …प्रत्येक बसमध्ये चढून? …कंडक्टरनं विचारलं कोण हरवलंय, आणि तुला सांगता येईना? …

…मग हे आधी का नाही बोललास, गाढवा? लग्न नि घराणं नि डॉक्टरीणबाई करत बसलास!

…नाही. तरी नाही. इथं कुणी आलेलं नाही. आलं असतं तरी सांगितलं नसतं. तू समोरासमोर ओळख दिली नाहीस, मी फोनवर का द्यावी? एक दिवस काढ असाच. त्यानं दोन वर्षं काढलीत.

…खोकला? कुणाचा? …कोंबडीचा. …खोकते की! जन्म गेला तुझा त्यांच्यात आणि कोंबडी खोकते हे ठाऊक नाही? …तीन वेळा कोरडं खोकून मग एक शिंक? …हो, तशीच लकब आहे तिची. तुला कसं…? …नाही, कोंबडीच. वाफ दिली मघाशी. …पातेल्यावर वाकून, डोक्यावर टॉवेल घेऊन. बसते की, शहाणी आहे. …आता बरी आहे. तुझा तो राखाडी स्वेटर घातलाय, इथं विसरलेला, कोपरावर उसवलेला. बाह्या अगदी बरोबर बसतात… पंखांना! पंखांना बसतात!

…मी? मी खोटं बोलतेय? जन्मात कधी बोललेय का मी खोटं? …ते मांजराचं सोड! शपथेवर सांगते, कुठलीही शपथ घाल, माझी कोंबडी आज सकाळी पत्र्यावर—

…

…ए! तुला तोंड मिटून बसायला सांगितलं होतं ना? आणि एवढ्या मोठ्यानं? ‘आत्या, तुझ्याकडे कोंबडीच नाही’ म्हणे! अरे, मी तुझ्यासाठी इथं एकटी किल्ला लढवतेय, आणि तू आतून दरवाजा उघडतोस? …हसतोय बघा कसा, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर! परत खोकला लागेल, बस खाली.

…हॅलो? …धाकट्या?

…ऐकलंस.

…हो. …हो, त्याचाच आवाज. आता असाच आहे तो. …जाड झालाय ना? तुझ्यासारखा. फोनवर तर मीच फसते. …काल बोलला नव्हता? कसा बोलणार, तोंड उघडायच्या आत तू पत्ता चुकवलास त्याचा.

…बरा आहे. पंप आहे त्याच्याकडे. जेवला, झोपला. …नाही, बाकीचं मी सांगणार नाही. तूच विचार. …काय हाक मारू म्हणजे? नवं नाव तोच सांगेल, नीट विचारलंस तर. तोवर ती जुनीच मार, तू मारायचास ती. पिल्लू. …

आणि हे बघ, ‘आलात’, ‘तुम्ही’, असलं काही कानावर आलं ना माझ्या, तर या फोनमधून हात घालून तुझा कान उपटीन. …नाक पूस आधी.

ये रे. घे, धर नीट. बाप आहे तुझा. …मी? मी बाहेर जाते. कोंबडीला दाणे टाकायचे राहिलेत.