चौदावा प्रश्न

— नाही, तो अर्ज तूर्त बाजूलाच ठेवा. ही माहितीपत्रकंही मिटवा. तीन जिने चढून आलात, आधी श्वास घ्या. वहिनी कुठे आहेत? खाली, बाकावर? असू देत. बसू देत उन्हात.

तर विमा कोणता घ्यावा — हाच ना प्रश्न? इथे नवा आलेला आपला प्रत्येक माणूस महिन्याभरात हा प्रश्न घेऊन ह्याच खुर्चीत बसतो, आणि प्रत्येकाला स्वस्तातला आणि मस्तातला एकदम हवा असतो. हे निळं पत्रक पाहा. चौघांचं कुटुंब, चौघेही हसताहेत. विम्याच्या पत्रकावर आजारी माणूस पाहिलात कधी? तो असतो शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. तिथून वाचायला लागा. 'पूर्वीपासूनचे आजार वगळून.' वगळून! किती घोटून गुळगुळीत केलेला शब्द. माणसाला उंबऱ्यावर उभं करून तोंडावर दार लावायचं, ह्याला सभ्य भाषेत वगळणं म्हणतात. बाकी ह्या तिन्ही पत्रकांत काही फरक नाही हो — रंगाचा आहे.

उद्या साडेदहाला कंपनीची बाई फोन करणार, प्रकृतीविषयी वहिनींना वीस प्रश्न विचारणार, त्यांना इथली भाषा येत नाही म्हणून मी मध्ये बसावं — हे तुम्ही दारातच सांगितलंत. ऐकलं मी. बावीस वर्षं दुभाष्याचंच काम केलं. न्यायालयात केलं, इस्पितळांत केलं. समोरचा शिवी देवो की गयावया करो, जसंच्या तसं पलीकडे पोचवायचं, पदरचं काही घालायचं नाही. एका खुन्याची माफी मी इतकी चोख पोचवली होती की न्यायाधीशांनी दोनदा माझ्याकडेच पाहिलं. असो.

आमच्या हिचाही असाच फोन झाला होता. ह्याच टेबलाशी. माझं काम आधी सुरू झालं, ती दोन वर्षांनी आली. आल्यावर विमा नाही तर राहण्याचा परवाना नाही, आणि परवान्याची मुदत सोमवारी संपत होती. पुढे आठ महिन्यांनी तिचं हृदय बिघडलं, शस्त्रक्रिया ठरली, आणि कंपनीचं पत्र आलं — आपण वस्तुस्थिती दडवलीत, सबब खर्च नामंजूर. दडवली! मी अकरा पानी उत्तर लिहिलं. दम लागणं हा आजार नव्हे, लक्षण आहे. तुम्ही विचारलंत आजाराविषयी — असा एकेक शब्द सोलून काढला. उत्तम लिहिलं होतं. ते पोचून त्याची पोच येईपर्यंत ही गेली. पत्र आल्यापासून पाचव्या आठवड्यात.

तरी मी सुनावणीला गेलो. जिद्द म्हणा, काहीही म्हणा. लहानशी खोली, पाण्याचे पेले, खिडकीत एक सुकलेलं रोप. अधिकारी फार अदबीने वागला. म्हणाला, संभाषण ध्वनिमुद्रित आहे, ऐकू या. त्यांनी त्यांची दुभाषी आणली होती, आपल्याकडचीच, पंचविशीची मुलगी. आणि त्या यंत्रातून ही बोलायला लागली. तुम्हाला कल्पना नाही — गेलेल्या माणसाचा आवाज, तो एवढा ठणठणीत! बाई विचारते चौदावा प्रश्न, जिना चढताना दम लागतो का? ही म्हणते, "लागतो की. दोन वर्षं झाली. इथेही दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबते मी. ह्यांना वाटतं आपल्याकडच्या त्या शेजारणीशी गप्पा मारत असते." त्या मुलीने शब्द न् शब्द पोचवला, इकडचा तिकडे केला नाही. तिच्या जागी मी असतो तर असंच केलं असतं —

म्हणजे, तिच्या जागी मीच तर होतो.

ध्वनिमुद्रणात पुढे माझा आवाज आहे. आधी आपल्या भाषेत, दबक्या आवाजात — "एवढं पाल्हाळ कशाला लावतेस?" आणि मग त्यांच्या भाषेत एकच शब्द. "नाही."

ऐकलं नव्हतं असं नाही. ऐकलं होतं. सोमवार डोक्यात होता. आणि, खरं सांगायचं तर, वाटलं, बायकांचं असतंच काहीतरी. आयुष्यभरात मी पदरचं घातलं ते एवढंच, आणि ते कुठे घातलं पाहा. बरं, तिला ह्या भाषेतले चारच शब्द येत होते. नमस्कार, आभार, किती, आणि नाही. तेव्हा तिला कळलं होतं. माझ्याकडे पाहून ती पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. पुढच्या सहाही प्रश्नांना तिने मान हलवली. मी म्हणेन तसं. नऊ-दहा महिने, शेवटपर्यंत, त्याबद्दल एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. निदान मी भांडलो असतो.

राहू द्या, माझ्यासाठी चहा करायला उठू नका. आणा तो अर्ज. अक्षर तुमचं? सुबक आहे. वीसच्या वीस 'नाही', एका ओळीत, मोजून मापून. हा चौदावा. नाही. वहिनींना विचारून लिहिलंत? विचारायचं काय त्यात — असं म्हणालात का आत्ता? मग एवढं सांगा. ह्या इमारतीला लिफ्ट नाही. तुम्ही वर आलात. त्या खाली का बसल्या?

गुडघे? गुडघ्यांचा प्रश्न नववा आहे. तिथेही 'नाही'च लिहिलंय तुम्ही.

असे माझ्या तोंडाकडे पाहू नका. उद्या मी येणार नाही. तुमचा सोमवार असेल, कळतं मला. कुणी दुसरा पाहा. नाही तर ही पेन्सिल घ्या, खाली जा, बाकावर त्यांच्या शेजारी बसा, आणि त्या काय म्हणतात ते — मध्ये न बोलता —

उठा. दार ओढून घ्या.