कमळाकरने धरलेला उपास

गंगाबाई : ...म्हंजे पाय कापायचा सोमवारी ठरलेला, न हे शुक्रवारीच गेले. दोनी पाय घेऊन गेले, नर्सबाय.

शशिकला : मी काल नगरहून आले, तेव्हा कुमुदने सांगितलं. बहिणीकडे पंधरा दिवस अडकले, गंगा. नाहीतर बाराव्यालाही आले नसते का? हार्ट अटॅक म्हणे.

गंगाबाई : दवाखान्यात नेला तवा संपलेलेच व्हते. डाक्टरनी कागदावर हार्ट लिवला.

शशिकला : त्या दिवशी आम्ही चर्चमध्ये त्याच्याच पायासाठी बसलो होतो. पंधरा जण, सकाळपासून उपाशी. पाय गेला तर कमळाकर होडीवर चढणार कसा, एवढंच देवाला विचारत होतो. सहाला उठलो आणि मी तशीच पनवेल स्टँडवर जाऊन गाडीत बसले.

गंगाबाई : मना म्हाईत हाय. ह्यांनी पन धरलेला.

शशिकला : काय धरलेलं?

गंगाबाई : उपास. तुमच्यासंगती. बोल्ले, ही मान्सा आपल्या कोलीवाड्यातली नाय, आपल्या देवाची नाय. ती माज्या पायासाठी उपाशी ऱ्हातील, न मी घरात बसून बोंबील-भात खाऊ? मना लाज नाय का?

कुमुद : प्रभूची स्तुती असो. ऐकलंत, मावशी? माझ्या अंगावर काटा आला. प्रीती चर्चच्या चार भिंतींत कोंडून ठेवायची नसते, असं तुम्हीच म्हणालात, म्हणून तर आपण दर बुधवारी इथे साखर तपासायला यायला लागलो. आणि बघा, ती कुठवर पोचली.

शशिकला : कुमुद, जरा थांब. गंगा, सकाळपासून त्याने काहीच खाल्लं नाही?

गंगाबाई : काय पन नाय. आमच्या एकादशीला साबुदाना तरी असतो. त्यांनी मना इचारला, त्यांच्यात काय चालता? मीच बोल्ली, त्यांचा कडक असता.

शशिकला : आणि गोळ्या?

गंगाबाई : त्या दिल्या ना. तुमीच दर बुधवारी सांगायच्या, गंगा, आभाल कोसलला तरी साखरेची गोली चुकवायची नाय. सकालची दोन न दुपारची येक, माज्या हातानी दिली. गोलीपुरता पानी, तवराच काय तो घोट पोटात गेला.

(तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेल्या शशिकलाबाईंना रिकाम्या पोटी साखर उतरवणारी गोळी म्हणजे काय, हे कुणी समजावायला नको होतं. दोन्ही गोष्टी त्यांच्याच होत्या, गोळीही आणि उपासही. शेजारी कुमुद वही उघडून भराभर लिहीत होती आणि तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.)

शशिकला : घाम आला होता त्याला?

गंगाबाई : न्हाल्यासारका. हात लटलट कापत व्हते. मंग बडबडाय लागले. पोराला, प्रितमला हाका मारत व्हते, तो चार वर्साचा असल्यासारका. प्रितम तं उरणला कामावर. मना वाटला, अंगात देव आला. तुमचा का आमचा, ता नाय समजला.

कुमुद : पवित्र आत्माच असेल.

शशिकला : कुमुद.

गंगाबाई : प्रितमचा फोन लागंना, म्हनून तुमाला लावला. तुमचा बंद व्हता.

शशिकला : प्रार्थनेला बसलो की आम्ही फोन बंद ठेवतो.

गंगाबाई : तसाच वाटला मना. म्हनला, आपल्यासाठीच बसल्यात, कशाला उठवा.

कुमुद : गंगाबाई, रविवारी चर्चला याल? हे सगळं अस्संच सांगा. आम्ही याला साक्ष म्हणतो. पाळकसाहेबांना केवढा आनंद होईल. आमच्या मंडळीत डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, सगळ्यांनी ऐकलं पाहिजे.

शशिकला : ती येणार नाही.

कुमुद : अहो, पण का?

शशिकला : नाही म्हणते ना मी. आणि तूही कुणापाशी बोलणार नाहीस. पाळकांपाशी नाही, डॉक्टरांपाशी तर नाहीच. ते पान फाड.

कुमुद : मावशी, देवाने केलेलं काम लपवायचं?

शशिकला : देवाचं काम मला आज सांगू नकोस. त्याचं नि माझं बोलणं नाही.

गंगाबाई : नर्सबाय, माजा काय चुकला का?

शशिकला : तुझं काही चुकलं नाही.

गंगाबाई : मंग येक इचारू? कोनाला बोल्ली नाय अजून. प्रितमला पन नाय.

शशिकला : विचार.

गंगाबाई : दिवस बुडायच्या टायमाला त्यांनी चा मागितला. गंगे, घोटभर चा दे, गोड कर. दोनदा मागितला. मी दिला नाय. बोल्ली, पंधरा मान्सा सकालधरना उपाशी हायत तुमच्यापायी, न तुमाला घटकाभर दम निंगत नाय? दिवस बुडू द्या. मंग ते गप झाले. मना वाटला, ऐकला माजा. तवापासना चा माज्या घशाखाली उतरत नाय. तुमी नर्स हाव, तुमाला समजता. दिला असता तं वाचले असते का?

कुमुद : जीव देणारा-नेणारा परमेश्वर आहे, गंगाबाई. आपल्या हातात—

शशिकला : तिने मला विचारलंय, कुमुद. नाही, गंगा. वाचला नसता.

गंगाबाई : माज्याकडं बघून सांगा.

शशिकला : बघूनच सांगते. हार्ट होतं ते. डॉक्टरने लिहिलंय ना कागदावर? चहाने काही झालं नसतं.

गंगाबाई : खरा?

शशिकला : तीस वर्षांत पेशंटच्या माणसाशी मी कधी खोटं बोलले नाही.

गंगाबाई : तुमी येशूची मान्सा. तुमी कशाला खोटा बोलाल.

शशिकला : हो.

गंगाबाई : येकदा कोनीतरी सांगाया पायजे व्हता. रात रात बसून ऱ्हाते मी.

शशिकला : आता झोप. पुन्हा कुणाला विचारू नकोस. कुठल्या डॉक्टरला नको, शेजारणीला नको. मी सांगितलंय ना? तेवढं धरून बस.

कुमुद : मावशी, सकाळपासून पोटात काही नाही, त्यात हे ऊन. प्रार्थना करू आणि निघू या का? तुम्हीच करा, तुमची प्रार्थना यांना आवडते.

शशिकला : माझ्याकडे शब्द नाहीत. तू घरी जाऊन कर.

गंगाबाई : चा टाकला असता, पन आज शुक्रवार. तुमचा उपास.

शशिकला : टाक.

कुमुद : मावशी, अहो, आजचा उपास आपण गंगाबाईंच्या घरासाठीच धरलाय.

शशिकला : म्हणूनच म्हणते. गंगा, दोन कप टाक, एक तुला नि एक मला. माझ्यासमोर प्यायचा, शेवटच्या घोटापर्यंत.

गंगाबाई : माज्यानी नाय जायचा, नर्सबाय.

शशिकला : माझ्यानेही नाही जायचा. तरी टाक.

गंगाबाई : साखरेचा डबा तुमी माल्यावर ठेवाया लावलेला, ह्यांचा हात पोचू नये म्हनून. तो तसाच हाय वर.

शशिकला : काढ खाली.