रिकामा खिळा

विब्के : म्हणजे उद्या तुम्ही नोटरीकडे येणारच नाही?

क्नाउस : नाही. घर विकायचं नाही मला. तुम्हाला तर नाहीच.

विब्के : अहो क्नाउस काका, काल संध्याकाळपर्यंत सगळं ठरलेलं होतं. खाली हे नुरहानबाईंचं शिवणाचं दुकान, पहिल्या मजल्यावर तुम्ही, दुसऱ्यावर ब्रान्ट मंडळी, तिसरा रिकामा, तिथे मी. दुकानासकट, भाडेकरूंसकट, तुमच्यासकट घर घेतेय. आणखी काय घेऊ, छपरावरची कबुतरं?

क्नाउस : कबुतरं माझी नाहीत. आज सकाळी जिन्यात उभ्या राहून काय बोललात ते आठवा.

विब्के : जिना झाडायला सफाई कंपनीचा माणूस लावू म्हणाले. दर शुक्रवारी येईल, झाडून पुसून जाईल. कुणाला त्रास नको.

क्नाउस : ऐकलंस नुरहान? त्रास नको म्हणे.

नुरहान : मी काही ऐकत नाहीये काका, मी काजं करतेय. मला मध्ये ओढू नका, सुई टोचेल.

विब्के : आमच्या कीलमध्ये सगळे असंच करतात.

क्नाउस : कीलमध्ये समुद्र आहे, त्याला धुवायची सवय आहे. स्टुटगार्टमध्ये जिना माणसं झाडतात. एका आठवड्याला एक घर. दारावर पाटी आली की पाळी आली. जिना, अंगण, फुटपाथ, सगळं लख्ख करायचं आणि शनिवारी पाटी पुढच्याच्या खिळ्याला टांगायची. चाळीस वर्षं चाललंय.

विब्के : पण तुमचं वय ब्याऐंशी. गुडघा बदललाय.

क्नाउस : म्हणजे गुडघा तरी नवा आहे. तळघर दाखवतो म्हणालो होतो, ते दाखवतो. शब्द म्हणजे शब्द. थांबा, चाव्या आणतो. पण बघा आणि जा.

(क्नाउस वर जातात.)

विब्के : नुरहानबाई, एका झाडूवरून कुणी घर विकायचं थांबतं का? दीड वर्ष वणवण केली तेव्हा हे मिळालं. दुसरं गिऱ्हाईक आलंय का?

नुरहान : कुणी आलेलं नाही. बसा त्या स्टुलावर. टाचण्या बघून बसा. काकांच्या बायकोला, एल्फ्रीडेकाकूंना, जाऊन दोन वर्षं झाली. त्या शनिवारी मी पाटी काकांचं दार सोडून सरळ दुसऱ्या मजल्यावर टांगली. म्हटलं, दुःखात आहेत, गुडघाही दुखतोय, कशाला त्रास द्यायचा. पुढे तीच सवय लागली.

विब्के : चांगलंच केलंत की.

नुरहान : मलाही तसंच वाटायचं. मग गेल्या महिन्यात एक दिवस पाटी काकांच्या दारावर. उजाडताच उठले आणि कठडा, पायपुसणी, फुटपाथ, काही सोडलं नाही. शीळ घालत होते. काकू गेल्यापासून ती शीळ ऐकली नव्हती मी. मग दुकानात आले आणि म्हणाले, 'बरं झालं नुरहान, तुला आठवलं मी अजून इथेच राहतो ते.' मला मान वर करवेना.

विब्के : का? चांगलं काम तर केलं होतंत.

नुरहान : मी कुठे केलं होतं? एक बाई घर बघायला आली होती. निळा रेनकोट. पाटी जिन्यात पडली होती, ती उचलली आणि दिसला पहिला रिकामा खिळा, त्याला टांगली. मी मागून ब्रान्टांचे कपडे पोचवायला चढत होते.

विब्के : अगं बाई. मला वाटलं, शोभेची पाटी आहे.

नुरहान : शोभाच झाली. त्यानंतर मी दर पाळीला तिथेच टांगते.

विब्के : पण मग त्यांना खरं सांगायला हवं.

नुरहान : काय सांगणार? आम्हाला कुणालाच आठवण नव्हती, परक्या बाईला खिळा सापडला, असं?

(क्नाउस चाव्या घेऊन खाली येतात.)

क्नाउस : चला. तळघराच्या पायऱ्या झाडलेल्या आहेत. या आठवड्यात माझीच पाळी आहे.

विब्के : तळघर राहू दे काका. उद्याच्या करारात एक कलम वाढवू या.

क्नाउस : उद्या मी येत नाहीये.

विब्के : ऐकून तर घ्या. कंपनी रद्द. जिन्याची पाळी दुकानाची, मग पहिल्या मजल्याची, दुसऱ्याची, तिसऱ्याची.

क्नाउस : पहिला मजला असं मोघम नको. मजला काय, सहज वगळता येतो.

विब्के : मग नाव घालू. गोटहिल्फ क्नाउस.

क्नाउस : तुम्हाला झाडता येतं?

विब्के : बेताचंच.

नुरहान : शिकवा की काका.

क्नाउस : वरच्या पायरीपासून खाली यायचं. खालून वर झाडत जाणारे सगळे कीलचे.

विब्के : मग येणार उद्या?

क्नाउस : तो नोटरी सगळा करार मोठ्याने वाचतो ना?

विब्के : वाचावाच लागतो. अक्षर न् अक्षर, सगळ्यांसमोर.

क्नाउस : माझं नावसुद्धा?

विब्के : तुमचंसुद्धा.

क्नाउस : दहाची वेळ आहे ना? साडेनऊला निघू. त्याआधी माझा फुटपाथ उरकतो.